बटव्याची वही

सापाला आवाज नसतो असे आपण मानतो आणि ते बव्हंशी खरेही आहे. फुत्काराखेरीज त्याच्यापाशी दुसरे काही नाही. त्यामुळे 9 जानेवारी 2025 च्या रात्री बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले असताना पाठीमागून बारीक शिट्टीसारखा आवाज आला, तेव्हा मी आधी स्वयंपाकघरातला गॅस पाहून आले, मग न्हाणीघरातला नळ घट्ट केला आणि तिसऱ्या खेपेला काचेच्या पेटीपाशी गेले. बटवा पेटीच्या कोपऱ्यात काचेला टेकून, डोके वीतभर वर उचलून बसला होता. त्याच्या डाव्या नाकपुडीवर मोहरीएवढा बुडबुडा होता. श्वास सोडला की तो फुगायचा, आत घेतला की बसायचा, आणि आवाज तिथून येत होता.

बटवा हा बॉल पायथन जातीचा साप आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बिनविषारी, अजगराच्या कुळातला साप सहसा पाच फुटांच्या पुढे वाढत नाही, घाबरला की डोके मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो आणि नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे जगतो. माझ्या धाकट्या भावाने पुण्यात नोकरीला असताना तो पिल्लू असल्यापासून वाढवला. 2024 च्या पावसाळ्यात भावाला जर्मनीत नोकरी मिळाली आणि सात वर्षांचा हा साप कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी आला, तो 'सहा महिन्यांसाठी'. सहा महिने म्हणजे किती, हे भावाला अजून ठरवता आलेले नाही. सासूबाईंचा पहिल्या दिवशी विरोध होता, कारण त्यांच्या आजऱ्याकडच्या माहेरी शेतातला साप शेतातच शोभतो असा रिवाज होता. पण दुसऱ्या दिवशी त्याची गुंडाळी पाहून "हा तर माझ्या पानसुपारीचा बटवा" असे त्या म्हणाल्या आणि नाव तेच राहिले.

हे वाचून कोणाच्या मनात प्रश्न येईल, म्हणून कागदपत्रांचे आधीच सांगते. नाग, धामण, अजगर यांसारखा आपल्याकडचा कोणताही साप घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. 2022 च्या दुरुस्तीने त्यांचाही समावेश आपल्या कायद्यात झाला आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंद 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करावी लागते. भावाने 2020 च्या स्वेच्छा-घोषणा योजनेतच बटव्याची माहिती दिलेली होती. पुढे नव्या नियमांप्रमाणे नोंदणी झाली आणि ताबा माझ्याकडे आल्याचेही कळवले गेले. ही खटपट कंटाळवाणी आहे हे मान्य करते. तरी ज्यांनी ती केलेली नाही अशा मंडळींचे साप आजारी पडले की ते दवाखान्यात जायलाच घाबरतात, आणि मालक येत नाहीत म्हणून डॉक्टरांच्या हातालाही साप लागत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवले की बटवा आजारी आज पडलेला नाही. तो दोन महिने आजारी होता आणि मला ते दिसले नव्हते. भाऊ जाताना शंभर पानी वही देऊन गेला होता. तीत दर आठवड्याचे वजन, खाल्ल्याची तारीख, कात टाकल्याची तारीख आणि विष्ठेची नोंद करायची, एवढेच काम होते. मी नोंदी इमानाने केल्या होत्या, पण वाचल्या नव्हत्या. दिवाळीनंतर त्याने उंदीर घेणे बंद केले, हे त्या वहीत स्पष्ट होते. वयात आलेले नर बॉल पायथन थंडीच्या दिवसांत कित्येक आठवडे जेवत नाहीत आणि ते नैसर्गिक आहे, असे मी ऐकून होते आणि त्यावर निर्धास्त राहिले. जे ऐकले होते ते खरेच होते. फक्त नुसता उपास करणाऱ्या निरोगी सापाचे वजन फारसे हलत नाही, हा त्याचा पुढचा भाग मला ठाऊक नव्हता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 1,460 ग्रॅम भरलेला बटवा त्या रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर 1,284 ग्रॅम भरला, म्हणजे बारा टक्के घट. दहा टक्क्यांच्या पुढे घट गेली की वाट पाहू नये असे पुढे डॉक्टरांनी सांगितले.

कारणही त्याच रात्री सापडले आणि ते माझ्याच हातचे होते. पेटीच्या तळाखाली उबेसाठी हीटिंग मॅट असते आणि तिच्यावर थर्मोस्टॅटचा पहारा असतो. त्या थर्मोस्टॅटला पेटीतली उष्णता कळते ती वायरच्या टोकाला असलेल्या लहानशा प्रोबमुळे. दिवाळीच्या साफसफाईत मी पेटी हलवली, धुतली आणि प्रोब परत लावताना तो आत, साप बसतो त्या जागी न ठेवता बाहेरून थेट मॅटला चिकटवला. मॅट 32 अंशांना तापली की थर्मोस्टॅट समाधानाने बंद व्हायचा. जाड काच आणि वरचा भुसा यांतून बटव्याच्या पोटापर्यंत पोहोचणारी ऊब त्याच्या हिशेबातच नव्हती. पेटीच्या काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला तापमापक दिवसा 28 दाखवत असे आणि रात्री तो पाहायला कोण जाते? कोविडच्या काळात आणलेली तापमान मोजायची बंदूक कपाटातून काढली, तिचे बटण अंगाच्या तापावरून 'सरफेस'वर, म्हणजे वस्तूंच्या तापमानावर सरकवले आणि पेटीच्या तळावर धरली. आकडा आला 23.5. कोल्हापूरची थंडी नाशिकइतकी बोचरी नसली तरी जानेवारीत पहाटे पारा 14-15 अंशांपर्यंत उतरतो, आणि ज्याचे रक्त स्वतःची ऊब तयार करत नाही, ज्याला उबेची जागा 31 ते 33 अंशांची लागते, असा प्राणी दोन महिने त्या फरशीवर झोपला होता.

शहाणपणाचा रस्ता तेव्हा तरी धरायला हवा होता. तोही लगेच सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात विचारले, तेव्हा पाण्यात घालायची एक पुडी मिळाली. साप आजारी असताना पाणी किती पितो हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यानंतरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पेटीचे झाकण उघडून लांबूनच पाहिले, कुत्र्यांच्या काट्यावर दीड किलो वजन धरले, शेपटीच्या वरच्या भागात प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले आणि पाच दिवस रोज यायला सांगितले. दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या इंजेक्शनच्या जागी खवल्यांवर काळसर डाग उठलेला दिसला. त्या डॉक्टरांना दोष देण्यात मला रस नाही. आपल्याकडे पशुवैद्यकाचे शिक्षण परळच्या 1886 साली सुरू झालेल्या महाविद्यालयात घ्या नाहीतर महामार्गावरच्या शिरवळला, त्याचा भर गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री यांवर असतो, आणि समाजाची गरज पाहता तो तसाच असायला हवा. मात्र "मला यातले फार माहीत नाही" हे वाक्य त्या दिवशी कोणी उच्चारले असते, तर दोन दिवस आणि एक डाग वाचला असता.

ते वाक्य तिसऱ्या ठिकाणी ऐकायला मिळाले. आमच्या कॉलेजचा एक माजी विद्यार्थी सर्पमित्र आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडात कोयत्याने कापल्या गेलेल्या, ट्रॅक्टरच्या फाळात सापडलेल्या धामणी त्याच्याकडे दर आठवड्याला येतात. वन विभागाला कळवून तो त्यांना करवीर तालुक्यातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे टाके घालायला नेतो. त्याने फोनवर एवढेच सांगितले, "मॅडम, ते म्हशींचे डॉक्टर आहेत, पण सापाला हात लावताना घाबरत नाहीत आणि न विचारता सुई टोचत नाहीत." भोगीचा दिवस होता. सासूबाई बाजरीची भाकरी थापत होत्या, आणि मी बटव्याला जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याचे तोंड बांधून, थर्माकोलच्या खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवत होते. खोक्याला भोके पाडायची आणि आत तापमापक ठेवायचा, हेही त्या मुलानेच सांगितले होते. बाटली थेट अंगाला लागली तर साप भाजतो आणि तरी हलत नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर दोन म्हशी आणि एक शेळी आमच्या आधी होती. आमची पाळी आल्यावर ते म्हणाले, "ताई, मी म्हशींचा डॉक्टर. जखमी साप शिवतो, पण सापाच्या छातीचा आजार मी आजवर एकदाच पाहिला आहे आणि तो साप वाचला नव्हता. पुण्यात माझे एक सीनियर आहेत, ते हेच काम करतात. त्यांना व्हिडिओवर घेऊन तपासतो, चालेल?" मला त्या क्षणी जो धीर आला तो आधीच्या कोणत्याही आश्वासनाने आला नव्हता. त्यांनी आधी नोंदणीचे कागद पाहिले आणि त्यानंतर खोक्याकडे न वळता वही मागितली. पंधरा मिनिटे ते दोघे ती वही वाचत होते. एकजण पान उलटत होता आणि दुसरा पुण्याहून "मागचे पान दाखव" म्हणत होता. मग प्रश्न सुरू झाले. पेटीच्या तळाचे तापमान किती, हवेचे नव्हे, रात्रीचे किती, शेवटची कात एकसंध उतरली की तुकड्यांत, विष्ठा कधी झाली, घरात दुसरा साप आहे का, किंवा गेल्या काही महिन्यांत कोणाचा साप येऊन गेला का. शेवटच्या प्रश्नाचे कारण त्यांनी सांगितले. बॉल पायथनमध्ये निडोव्हायरस नावाच्या विषाणूमुळेही अगदी अशीच लक्षणे दिसतात, तो एका सापाकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्यावर औषध नाही. बटवा एकटाच राहत होता, त्यामुळे ती शक्यता मागे पडली, तरी पुसली गेली नाही.

तपासणी मी अगदी जवळून पाहिली, कारण धड माझ्याच हातात होते. डॉक्टरांनी जबड्याच्या कडेने एक मऊ प्लास्टिकची पट्टी हळूच आत सरकवली आणि तोंड उघडले. सापाच्या तोंडात श्वासनळीचे तोंड घशात खोल नसते. ते खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातच, एखाद्या नळीच्या कापलेल्या टोकासारखे समोर दिसते. मोठे भक्ष्य गिळताना श्वास चालू राहावा म्हणून साप ते पुढे काढू शकतो. बटव्याच्या त्या नळीच्या तोंडाशी डिंकासारखा चिकट, दोरीसारखा ताणला जाणारा स्राव होता. हिरड्या गुलाबी होत्या, म्हणजे तोंड आलेले नव्हते. ओला पांढरा टिशू अंगावरून फिरवून त्यावर काळे ठिपके येतात का ते पाहिले. आले नाहीत, म्हणजे गोचिडीसारख्या बारीक किडी नव्हत्या.

"माणूस खोकतो, ताई, म्हणून माणसाचा कफ निघतो," पुण्याचे डॉक्टर पडद्यावरून म्हणाले. सापाला छाती आणि पोट यांच्यामध्ये आपल्यासारखा पडदा नसतो, त्यामुळे त्याला जोर लावून खोकता येत नाही. बहुतेक सापांत उजवे फुप्फुस तेवढे कामाचे असते. अजगरकुळात डावेही असते, पण आखूड. आणि त्या लांबलचक पिशवीच्या तळाशी साचलेले काही आपोआप वर येत नाही. बटवा डोके उचलून काचेला टेकून बसत होता, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. साचलेल्या स्रावातून श्वासाची वाट मोकळी ठेवण्याचा तो त्याच्यापरीने केलेला उपाय होता. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, खरवसासारखा घट्ट होतो, आणि म्हणून औषध लागू पडले तरी आजार महिनाभर हटत नाही. (खरवसाची उपमा म्हशींच्या डॉक्टरांची. त्यानंतर बरेच दिवस मी खरवस खाल्ला नाही.)

एक्स-रे दोन तुकड्यांत काढावा लागला, कारण चार फुटांचा साप एका प्लेटवर मावत नाही. पारदर्शक अॅक्रिलिकच्या नळीत तो आपण होऊन शिरला. अरुंद जागा सापाला सुरक्षित वाटते, त्यामुळे भूल द्यावी लागली नाही. पुढच्या तुकड्यात फुप्फुसाच्या जागी जिथे काळी, हवेने भरलेली पट्टी दिसायला हवी होती तिथे ढगाळ पांढरेपणा होता. मग बारीक निर्जंतुक नळी श्वासनळीत घालून, थोडे सलाइन आत सोडून लगेच परत ओढले आणि तो नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी घेतला. हे प्रतिजैविक सुरू करण्याआधी व्हायला हवे होते, असे म्हणून डॉक्टरांनी मान हलवली. आधीच्या दोन इंजेक्शनांमुळे जंतू उगवतील की नाही याची त्यांना शंका होती.

नमुना घेऊन मी शहरातल्या एका लॅबमध्ये गेले. अर्ज माणसांचा होता. नावाच्या रकान्यात बटवा लिहिले, वय 7, लिंग पुरुष, आडनाव आमचेच. काउंटरवरच्या मुलाने सवयीने विचारले, "पेशंट उपाशीपोटी आहे काय ओ?" मी म्हणाले, "हो, दोन महिने." त्याने पेन खाली ठेवले. मग त्याच्या साहेबांशी डॉक्टरांचे फोनवर बोलणे झाले आणि नमुना घेतला गेला. 18 जानेवारीला अहवाल आला. सुडोमोनास जातीचा जंतू वाढला होता आणि आधीच्या दवाखान्यातले औषध त्याच्यावर जेमतेम लागू होते.

डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता भोगीच्याच संध्याकाळी सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक सुरू केले होते आणि अहवालाने तो निर्णय योग्य ठरवला. हे माणसांचेच औषध आहे, कोणत्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळते. पण सापाच्या शरीरात ते इतके हळू निचरते की रोज द्यावे लागत नाही, दर 72 तासांनी एकदा पुरते. मात्र पेटी पुरेशी उबदार असेल तर. थंड सापात औषध नीट फिरत नाही आणि त्याची प्रतिकारशक्तीही झोपलेली असते, म्हणून उबेची जागा 32-33 अंश आणि रात्रीसुद्धा कुठेही 28 च्या खाली नाही, ही औषधाइतकीच महत्त्वाची सूचना होती. इंजेक्शन नेहमी शरीराच्या पुढच्या एक तृतीयांश भागात द्यायचे. सापाच्या मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतताना वाटेत मूत्रपिंडातून जाऊ शकते; तिथे टोचलेले औषध अंगभर पसरण्याआधीच मूत्रपिंडावर आदळण्याची किंवा बाहेर टाकले जाण्याची भीती असते. शेपटीजवळच्या इंजेक्शनबद्दल ते एवढे का हळहळले, ते तेव्हा कळले.

मात्रेचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर कागदावर केला. किलोमागे 20 मिलिग्रॅम. 1,284 ग्रॅमला सुमारे 26 मिलिग्रॅम. एक ग्रॅमची कुपी 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवली की 0.26 मिलिलिटर. कुत्र्यांच्या काट्यावरचा दीड किलो धरला असता तर तोच आकडा 0.30 झाला असता, म्हणजे सहावा हिस्सा जास्त. म्हशीला सहाव्या हिश्शाने फारसे बिघडत नाही, असे ते म्हणाले, पण इथे स्वयंपाकघरातला काटाच खरा. हे आकडे मी लिहिले ते कोणी घरच्या घरी वापरावेत म्हणून नव्हे. दुसऱ्या सापाला, दुसऱ्या जंतूला आणि बिघडलेल्या मूत्रपिंडाला हेच औषध चालेल असे नाही.

नऊ सिरिंजा भरून, गोठवून दिल्या गेल्या आणि त्या फ्रीजरमध्ये एका स्टीलच्या डब्यात बसल्या. त्या डब्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली. (बटव्याचे उंदीर ज्या वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये असतात त्याविषयी आमच्या घरात एक जुना तह आहे, त्याचा इथे विस्तार करत नाही.) पहिली दोन इंजेक्शने डॉक्टरांनी दिली आणि तिसरे माझ्याकडून देववले. यजमान धड धरतात, मी डोक्यापासून वीतभर मागे, पाठीच्या कण्याच्या बाजूला बोटाने चाचपते. खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. सुई खवल्यातून घालायची नाही, मागच्या बाजूने तिरपी, दोन खवल्यांच्या फटीतून सरकवायची. आत जाताना कापड टोचल्यासारखा अगदी बारीक अडथळा लागतो आणि मग काहीच लागत नाही. एकदा उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे. बटव्याने एकदाही फणकारा केला नाही. स्नायू मात्र बोटाखाली दोरासारखा आवळला जायचा, आणि मला आधी पाच मिनिटे स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन यावे लागायचे.

दिवसातून दोनदा नेब्युलायझरची वाफ द्यायची होती. नवीन यंत्र आणायला निघाले तेव्हा दम्यामुळे गेली सहा वर्षे ते यंत्र वापरणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "माझंच दे की त्याला. नळी तेवढी नवी आण." झाकणाला भोके असलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात बटवा, डब्यात नळी, नळीतून सलाइनचे धुके आणि वीस मिनिटे. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, 3 फेब्रुवारीला आमच्याकडे हळदीकुंकू होते आणि त्याच दिवशी आठव्या इंजेक्शनची पाळी होती. वाण घ्यायला आलेल्या बायका आतल्या खोलीतल्या यंत्राच्या घरघरीला सासूबाईंचाच दमा समजून त्यांच्या तब्येतीची चौकशी करत राहिल्या, आणि सासूबाईंनी "आता बरं आहे हो त्याला" असे म्हटल्यावर मग सगळे सांगावे लागले. एका शेजारणीने दुसऱ्या दिवशी वाटीभर दूध आणून दिले. बत्तीस शिराळा इथून फार दूर नाही आणि नागपंचमीचे दूध आपल्या मनात मुरलेले आहे. साप दूध पचवू शकत नाही, तहानेने व्याकूळ असेल तरच तो ते पितो, हे चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या शाळेसारख्या ठिकाणी मुलांना जिवंत साप दाखवून कित्येक वर्षे शिकवले गेले, पण ते चंदगडहून राजारामपुरीपर्यंत अजून पुरते पोहोचलेले नाही. दुधाचा चहा झाला.

सगळ्यात कठीण गेले ते न भरवणे. वजन घटत होते: 25 जानेवारीला 1,262, 9 फेब्रुवारीला 1,241. आईच्या मनाला यावर एकच उपाय सुचतो. भावाचा जर्मनीहून रोज फोन येई आणि तोही म्हणे, लहान उंदीर तोंडात सरकवून बघ. डॉक्टरांनी दोघांनाही ठामपणे अडवले. श्वास घ्यायला धडपडणाऱ्या सापाला गिळायला लावणे, हा त्याची श्वासनळी तेवढा वेळ दाबून धरण्याचा प्रकार आहे. शिवाय आजारी सापाचे पचन बंद असते, आत गेलेले भक्ष्य कुजते आणि उलटून पडते. आधी पाणी, मग ऊब, मग श्वास आणि अन्न अगदी शेवटी. पाण्यासाठी त्यांनी दोनदा त्वचेखाली सलाइन दिले. वजन घसरण्याचा वेग कमी होतोय ना, एवढेच वहीत पाहायचे होते. 24 फेब्रुवारीला 1,238 आले. पंधरा दिवसांत फक्त तीन ग्रॅम गेले होते. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एक्स-रेत काळी पट्टी परत दिसू लागली होती. तळाशी थोडा धूसरपणा उरला होता, पण शिट्टी आणि बुडबुडा दोन्ही गेल्याला तीन आठवडे झाले होते.

8 मार्चच्या रात्री चाळीस ग्रॅमचा, त्याच्या नेहमीच्या खाण्याच्या निम्म्याहून लहान उंदीर कोमट पाण्यात पिशवीत ठेवून ऊबदार केला आणि चिमट्याने पेटीत धरला. बटवा लपण्याच्या मडक्यातून बोटभर बाहेर आला. जीभ दोनदा निघाली, तिसऱ्यांदा निघाली आणि थांबली. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे वळली आणि पुढचे डोळ्याला दिसलेच नाही. चिमटा हिसकला गेला आणि उंदराभोवती तीन वेढे पडलेले होते. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि देवघराकडे गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्याला कोणी हात लावायचा नव्हता. मी वहीत तारीख लिहिली, वजन लिहिले आणि त्यापुढे 'घेतला' असा एकच शब्द लिहिला.

सगळा खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा दोन एक्स-रे आणि कल्चरचा. प्रोब आता पेटीच्या आत, बटवा बसतो त्या जागी, सिलिकॉनने पक्का केलेला आहे, आणि दुसरा एक तापमापक त्याच्या शेजारी तळावर आहे, जो रात्रीतले सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवतो. सकाळी दात घासायच्या आधी मी तो आकडा पाहते.

एप्रिलच्या मध्यात बटवा 1,318 ग्रॅम भरला आणि आम्ही शेवटच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले, कोरडे होते. फी द्यायला पर्स काढली तेव्हा ते म्हणाले, "आज पैसे नकोत, वहीची झेरॉक्स द्या. परत असा साप आला तर माझ्याकडे बघायला काहीतरी असू दे." नाक्यावरच्या दुकानातून जानेवारी ते एप्रिलची एकतीस पाने काढून आणली. त्यांनी ती पंच केली, पुठ्ठ्याच्या फायलीत घातली, वर स्केच पेनने 'बटवा, नर, 7 वर्षे' असे लिहिले आणि फाईल कपाटात म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या रजिस्टरांशेजारी उभी केली.